आतल्या बाजूचं पाणी

मागच्या सोमवारी आमच्याकडे पाण्याचा दिवस होता. सकाळी सहाला गच्चीवरच्या टाकीत पाईप धरून उभी होते, तेव्हा डोक्यावरून तो आवाज गेला. थोडा नाकातला, एकमेकांना हाका मारत चालल्यासारखा. वर पाहिलं तर वीस-बावीस पट्टकादंब हिप्परग्याच्या तलावाकडे निघाले होते. टाकी भरली, पाणी कडेवरून माझ्या पायांवर आलं, खालून घरमालकीणबाई ओरडल्या, "अगं वैशाली, पानी वाया चाललंय की!" तरी मला हलता येईना. हा आवाज ऐकून दुसऱ्या कुणालाही बरं वाटलं असतं. मला नाही. पाखरं आली. म्हणजे आता कॅमेरा बाहेर निघणार.

पट्टकादंब हा हंसाच्या जातीतला राखाडी पक्षी. डोक्याच्या मागच्या बाजूला दोन काळे पट्टे, म्हणून हे नाव. हिमालयाच्या पलीकडून येतो आणि आमच्याकडच्या तलावांवर थंडी काढतो. सोलापूरला कुणी इतक्या लांबून आपणहून येतं, हेच मला बारावीपर्यंत माहीत नव्हतं. पहिल्यांदा कॉलेजात आमच्या प्राणिशास्त्राच्या सरांनी दुर्बिणीतून दाखवला तेव्हा मी आईला घरी येऊन सांगितलं. आई म्हणाली, "हितं काय खायाला मिळतंय त्येंला?" मी म्हटलं, "हरभरा, गवत." ती म्हणाली, "मग बरं हाय." आमचं कॉलेजबद्दलचं बोलणं साधारण एवढंच असायचं.

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. आप्पा मोडनिंबला शेतावर असतात. आई आणि मी शहरात एक खोली घेऊन राहतो, कारण आई चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. अकरा वर्षं झाली. ती रोज संध्याकाळी विचारायची, "आज काय शिकीवलं?" मी म्हणायची, "पेशी." ती "बरं" म्हणायची आणि ताट वाढायची. तिला पुढं काय विचारावं कळायचं नाही, आणि मला कुठून सुरुवात करावी कळायचं नाही. मधे भाकरी असायची, म्हणून ते अवघड वाटायचं नाही इतकंच.

मागच्या थंडीत मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. प्रकल्प होता तलावावरच्या पट्टकादंबांची मोजदाद. नुसती मोजदाद नाही, फोटो हवे होते. काही पक्ष्यांच्या गळ्यात संशोधकांनी घातलेले रंगीत पट्टे असतात, त्यांच्यावरची अक्षरं फोटोत वाचता आली तर तो पक्षी कुठून आला ते कळतं. त्यासाठी लांब लेन्सचा कॅमेरा लागतो. तसा एकच कॅमेरा आमच्या विभागात होता आणि तो कपाटात असायचा. विद्यार्थ्यांच्या हाती द्यायचा नाही, असा अलिखित नियम. सरांनी विभागाच्या बैठकीत भांडून तो माझ्यासाठी बाहेर काढला. बैठकीत कुणीतरी म्हणालं होतं म्हणे, की ज्या मुलांच्या घरात कधी कॅमेरा पाहिला नाही, त्यांच्या हाती एवढी वस्तू कशी द्यायची. सरांनी ते मला सांगायला नको होतं. पण सांगितलं, आणि वर म्हणाले, "म्हणूनच तुला देतोय. तू नीट आणलास की तुझ्या मागच्यांना मिळेल."

हे "तुझ्या मागच्यांना" माझ्या छातीवर दगडासारखं बसलं.

तलावाच्या अलीकडच्या काठावरून पक्षी म्हणजे नुसते ठिपके. ते दिवसा पलीकडच्या चिखलाच्या पट्ट्यावर विसावतात. तिथं चालत जायचं तर बेशरमीच्या झुडपांतून गुडघाभर गाळ, आणि माणूस जमिनीवरून आला की थवा लगेच उठतो. पाण्यावरून हळू गेलं तर बसून राहतो. सरांच्या एका मित्रानं दोन जुन्या कयाक विभागाला दिल्या होत्या. कयाक म्हणजे एकट्या माणसाची अरुंद प्लास्टिकची होडी, दोन्ही बाजूंनी वल्हवायची. त्या सिद्रामकाकांच्या शेडमध्ये ठेवलेल्या असत. सिद्रामकाका तलावावर मासे धरतात. त्यांनीच मला आठ दिवसांत वल्हवायला शिकवलं. पहिल्या दिवशी कयाकमध्ये बसताना मी दोन्ही हातांनी कडा घट्ट धरल्या, तर म्हणाले, "म्हशीवर बसलीस का काय? सोड की. ती काय पळून चालली न्हाय."

कयाकमध्ये कोरडं काही राहत नाही, हे मला त्या आठ दिवसांत कळलं. वल्हं उचललं की पाणी दांड्यावरून ओघळत कोपरापर्यंत येतं. तिथून मांडीवर. बसायच्या जागी कायम एक थारोळं. वारा सुटला की लाटेचा शेवटचा शिंतोडा बरोबर आत येतो. आमच्या शहरात माणसं चार दिवसांनी येणारं पाणी घरात साठवायला धडपडतात. पिंप, घागरी, कळशा, बाटल्यासुद्धा भरून ठेवतात. पाणी आत कसं आणायचं ते आम्हाला सगळं येतं. पाणी बाहेर कसं ठेवायचं, हा प्रश्न माझ्यापुढे आयुष्यात पहिल्यांदाच आला होता, आणि मला तो कुणाला विचारावा कळत नव्हतं.

मोबाईलवर पाहिलं तर त्यासाठी खास पिशव्या मिळतात, तोंड गुंडाळून बंद करायच्या. मागवली. ती यायला दहा दिवस लागणार होते, आणि सरांनी दिलेली तारीख तीन दिवसांवर होती. मैत्रिणी म्हणाल्या, डब्यात घाल. डब्यात लेन्स मावेना. कुणी म्हणालं, दोन कॅरीबॅग एकात एक. सिद्रामकाका म्हणाले, "बुडला तर मला आवाज दे. जाळ्यात धरतो तुजा फोटूचा डबा." मी हसले नाही. त्या दिवसांत मला जेवण जात नव्हतं. कॅमेरा घरी आणल्यापासून मी तो कपाटात ठेवून कपाटाला पाठ लावून बसायची.

दुसऱ्या दिवशी आईनं विचारलं, "एवढं काय हाय त्यात?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, तलाव, वल्हं, थारोळं, शिंतोडे. आईनं भाकरी थापता थापता ऐकलं. मग हात धुतले, पदराला पुसले, कॅमेरा मागितला आणि वितीनं मापला. लांबी, रुंदी, लेन्सची उंची.

"हे तर पॅकिंगचं काम हाय की," ती म्हणाली. "त्येच करते मी रोज. पानी जायाला वाट ठिवायचीच न्हाय."

तो क्षण मला नीट सांगता येत नाही. आईच्या पगारावर मी शिकले. पण तिच्या हाताचं, तिच्या कामातलं काही माझ्या अभ्यासात लागेल, असं तिला कधी वाटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. तिनं त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा पुढचे प्रश्न विचारले. पाखरं किती वाजेस्तोवर बसत्यात? पिशवी कशानं कापशील? ब्लेडनं कापलीस तर काच खरवडंल, कात्री घे.

ठरलेल्या दिवशी सकाळी सातच्या बसनं आम्ही दोघी चिंचोळीला गेलो. जानेवारीची थंडी होती. बसच्या खिडकीला काच नव्हती, आणि मांडीवरची कॅमेऱ्याची बॅग बर्फासारखी गार पडली होती. कारखान्यात मी पूर्वी एकदाच गेले होते. आत शिरलं की सुताचा आणि वाफेचा एक उबदार वास येतो, तो आईच्या साड्यांना कायम असतो. पॅकिंगच्या टेबलाभोवती पाच-सहा बायका होत्या. त्यांनी लगेच सुरू केलं.

"काय गं कमळे, लेकीला कामाला लावली का?"

"कामाला कशाला? कॉलेजचा माल आलाय पॅकिंगला," आई म्हणाली. तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "परदेशी पाखरांचे फोटू काढनार हाय ती. पाण्यातनं जाऊन."

"मग पाखरांला पन एक-एक टॉवेल घेऊन जा म्हनावं!"

सगळ्या हसल्या. आईनं जाड प्लास्टिकची मोठी पिशवी निवडली, परदेशी जाणाऱ्या मालाची. मग वाळवणीच्या यंत्रातून नुकत्याच निघालेल्या ढिगातला एक पांढरा टॉवेल ओढला, सगळ्यात मऊ. तो अजून गरम होता. तिनं तो माझ्या गालाला लावला. "बघ कसा हाय. गारठलाय तुजा कॅमेरा, जरा ऊब लागू दे त्येला." तान्ह्या मुलाला गुंडाळावं तसा तिनं कॅमेरा गुंडाळला, पिशवीत ठेवला, थोडी हवा राहू दिली म्हणजे पाण्यात पडला तरी तरंगेल, आणि मशीनच्या गरम पट्टीखाली पिशवीचं तोंड दाबलं. एकदा. मग त्याच्या खाली बोटभर अंतरावर पुन्हा एकदा. शिवण ओढून पाहिली. पिशवी कानाशी नेऊन दाबली, हवा कुठून सुटते का ते ऐकायला.

"जा आता," ती म्हणाली. "इहिरीत टाकलास तरी कोरडा निघंल."

साडेनऊला मी पाण्यावर होते. पिशवी दोन गुडघ्यांच्या मधे, दोरीनं सीटला बांधलेली. मागून सिद्रामकाका त्यांच्या होडीतून लांबवर. धुकं उठत होतं, कयाकच्या तळातून पाण्याचा गारवा पायांना लागत होता. वल्ह्याचं पाणी पिशवीवर पडत होतं आणि थेंब बनून घरंगळत होतं. मी प्रत्येक थेंबाकडे बघत होते, आणि प्रत्येक थेंब बाहेरच राहत होता. पलीकडचा आवाज जवळ येत होता. मला वाटतं, त्या पाऊण तासात मी जितकी खूश होते तितकी आजवर कधी झाले नाही. आईनं बांधलेली पिशवी गुडघ्यांत धरून मी हिमालयापलीकडच्या पाखरांकडे चालले होते.

चिखलाच्या पट्ट्याच्या टोकाला कयाक टेकवली. थवा शंभरेक पावलांवर. एकाच्या गळ्यात हिरवा पट्टा नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. मी कात्री काढली, पिशवी उन्हात धरली, आणि मग मला दिसलं.

पिशवीच्या बाहेरच्या बाजूला तलावाचे मोठे थेंब होते. आतल्या बाजूला बारीक थेंब होते. हजारो. चहाच्या पातेल्यावरच्या झाकणाला आतून असतात तसे.

कापली. उबट, ओली वाफ तोंडावर आली, सुताच्या वासाची. टॉवेल दमट होता. कॅमेऱ्याच्या अंगावर दव पडल्यासारखं पाणी, लेन्स आतून पांढरी. मी सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिले, पण पांढरं आतल्या बाजूला होतं, तिथं माझं बोट पोचत नव्हतं. आणि मग मी ते केलं जे करायचं नसतं. बटण दाबलं. पडदा उजळला, थरथरला, गेला. पुन्हा दाबलं. पुन्हा. बॅटरी काढली, घातली, दाबलं. पक्षी समोर बसलेले, हिरवा पट्टा उन्हात चमकतोय, आणि मी चिखलात गुडघे टेकून एक बटण दाबतेय. किती वेळा दाबलं असेल देव जाणे. शेवटी थवा उठला. माझ्या रडण्यानं उठला की आपसूक, माहीत नाही.

कारण मला तिथंच कळलं होतं. आई घरी नव्या पोरींबद्दल कुरकुर करायची, ते शब्दच कानात आले: "गरम माल पाकिटात भरत्यात बया. हाताला गरम लागला की त्येंला वाटतं कोरडा झाला. आत ओल असती. आठ दिसात कुबट वास." यंत्रातून निघालेला टॉवेल टेबलावर पसरून गार करायचा, मगच घडी, हा तिच्या कामातला पहिला नियम. अकरा वर्षांत ती तो चुकली नसेल. त्या सकाळी चुकली, कारण तिला माझ्या कॅमेऱ्याला ऊब द्यायची होती. आणि मी? थंड काचेवर वाफ धरते हे मी शाळेत लिहून मार्क मिळवले होते. तिनं तो टॉवेल माझ्याच गालाला लावला होता. मला फक्त आवडलं होतं.

परतताना सिद्रामकाकांनी विचारलं, "काय झालं गं?" मी म्हटलं, "हात घसरला. काठावर पाण्यात पडला." ते वल्हवत राहिले. मग म्हणाले, "मी बघत हुतो की."

सरांनाही मी तेच सांगितलं. पिशवी उघडल्यावर हात घसरला. पॅकिंग आई करून देणार हे त्यांना मी आधीच सांगितलं होतं. सरांनी विचारलं, "पॅकिंग नीट होतं ना?" मी म्हटलं, "पॅकिंग एकदम घट्ट होतं सर. एक थेंब आत गेला नव्हता. चूक माझी." यातलं प्रत्येक वाक्य मी घोकून गेले होते. बैठकीत कुणी आईबद्दल, टॉवेलबद्दल, आमच्या घराबद्दल काही बोललेलं मला ऐकायचं नव्हतं. माझ्याबद्दल बोलले तर बोलू देत.

घरी आईनं दारातच विचारलं, "पानी गेलं न्हाय न्हवं?"

"नाही गं. तुझ्या पिशवीत एक थेंब गेला नाही. मीच नंतर पाडला."

तिचा चेहरा आधी उजळला आणि मग माझ्यासाठी पडला. ते दोन्ही एकाच चेहऱ्यावर एकामागून एक पाहणं फार वाईट होतं.

मग ते सुकवण्याचे दिवस. मोबाईलवर सांगत होते, तांदळात ठेवा. आमच्या घरी तांदूळ डबाभरच. आईनं ज्वारीचं पिंप रिकामं करून त्यात कॅमेरा कापडात बांधून पुरला. दुपारी मी तो गच्चीवर उन्हात ठेवायची आणि कावळे येऊ नयेत म्हणून शेजारी बसायची. गल्लीत हुरड्याच्या कणसांचा वास यायचा, गड्ड्याच्या जत्रेला जाणाऱ्या पोरांच्या पिपाण्या वाजायच्या. मी लेन्सच्या आतलं पांढरं किती कमी झालं ते बघायची. रोज मला वाटायचं, कमी झालं. चौथ्या दिवशी बटण दाबलं तेव्हा काहीच झालं नाही. फक्त ज्वारीची बारीक भुकटी बटणाच्या कडेनं वर आली. आई म्हणाली, "अजून दोन दिस ठिव." ती देवाला रोज एक उदबत्ती जास्त लावत होती. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, आणि मी उठून पाणी प्यायची.

कॅमेरा पुण्याला दुरुस्तीला गेला. दुरुस्त होऊन परत आला तेव्हा सोबतच्या कागदावर होतं, ओलीमुळे बिघाड. माझ्या खोट्याला ते पुरेसं होतं. तो पुन्हा कपाटात गेला. माझा प्रकल्प हातानं काढलेल्या ठिपक्यांच्या नकाशांवर पूर्ण झाला. त्याच कॉलेजात मला एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. उन्हाळा आला, पाऊस आला. एक खोटं एवढं वर्षभर टिकतं याचं मला आश्चर्य वाटायचं. ते टिकतं, कारण त्याच्यावर कुणीच कसलं ओझं ठेवत नाही. पण आईनं ठेवलं. कारखान्यात तिनं सगळ्यांना सांगितलं होतं, की आपलं पॅकिंग तलावातनं पार झालं, थेंब गेला न्हाय. दिवाळीला तिच्या टेबलावरच्या बायका घरी आल्या, तेव्हा एक जण मला म्हणाली, "आईनं बांधलं नीट, आन् तू पाडलास व्हय गं? वेंधळी कुठली!" सगळ्या हसल्या. मीही हसले.

आणि मग मागच्या सोमवारी तो आवाज डोक्यावरून गेला.

मंगळवारी विभागात रिझवाना भेटली. ती या वर्षी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिचे वडील रिक्षा चालवतात. तिच्याही घरात कॉलेजला ती पहिलीच. धावत आली. "ताई, सरांनी कॅमेरा काढला! मला दिला! शेवटचा चान्स म्हणाले, या वेळी काही झालं तर परत कुणालाच नाही." मग माझा हात धरून म्हणाली, "आणि सर म्हणाले, पॅकिंग तुमच्या आईंकडूनच करून घ्यायचं. मी काल त्यांना फोन पण केला. किती गोड बोलतात हो! म्हणाल्या, गुरुवारी सकाळी ये, गरम गरम टॉवेल काढून ठेवते."

मी तिच्याशी काहीतरी बोलले. काय, ते आठवत नाही. दोन दिवस मी आईला सांगायला तोंड उघडत होते आणि मिटत होते. एकदा वाटलं, रिझवानालाच गुपचूप सांगावं, टॉवेल नको म्हण. मग वाटलं, आई विचारणार, का नको? एकदा तर मनात आलं की त्या दिवशी कारखान्यात वीज जावी. इतकी वेळ आली होती माझ्यावर. आणि आई खुशीत होती. कात्रीला तिनं नवी धार लावून आणली होती.

गुरुवारी मीही सातच्या बसनं गेले. आईला वाटलं, मदतीला. टेबलाशी रिझवाना आधीच उभी होती, कॅमेरा पोटाशी धरून. आईनं ढिगातून टॉवेल ओढला, झटकला, कॅमेऱ्यावर टाकणार, तेवढ्यात मी तिचं मनगट धरलं.

"आई, गरम आहे तो."

"मग? ऊब नगं का त्येला?"

"मागच्या वर्षी माझा हात घसरला नव्हता."

मी एवढंच बोलू शकले. आई माझ्याकडे बघत राहिली. मग हातातल्या टॉवेलाकडे. तिला समजायला मला वाटलं होतं त्याच्या निम्मासुद्धा वेळ लागला नाही; तिचं कामच ते. तिनं कॅमेरा बाजूला सरकवला, टॉवेल टेबलावर पूर्ण पसरला आणि त्याच्यावर दोन्ही तळहात ठेवून उभी राहिली.

"आतनं ओल धरली व्हय?"

मी मान हलवली.

"आन् तू एक वरीस मला सांगितलं न्हाईस."

"तुला वाईट वाटलं असतं."

"वाईट?" तिचा आवाज चढला नाही, त्यामुळेच मला जास्त भीती वाटली. "खराब माल परत आला की सुपरवायझर पाकिटातली चिठ्ठी काढतो. त्येच्यावर नंबर असतो. ज्या बाईचा नंबर, तिला बोलवून दाखवतो. आमी ऐकून घेतो, पुन्यांदा तसं करत न्हाय. हितं झाडूवालीला पन सांगत्यात. आन् तू मला सांगितलं न्हाईस. म्हंजे तुज्या कॉलेजात माज्या कामाला कामच धरलं न्हाय तू."

रिझवाना रडकुंडीला आली होती. "आंटी, मग आता कॅमेरा नको न्यायला का?"

"न्यायचा की," आई म्हणाली. "बस हितं. हे गार हुईस्तवर."

टॉवेल गार व्हायला जवळजवळ अर्धा तास लागला. एवढा वेळ तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मग कॅमेरा बांधला, दोनदा सील केला, आणि सुपरवायझरकडे जाऊन अर्ध्या दिवसाची रजा मागितली.

"कुठं?" मी विचारलं.

"तुज्या सरांकडं."

"नको गं आई. मी सांगते ना त्यांना. मी एकटी सांगते."

"तू लई सांगितलंस," ती म्हणाली.

माझी आई कॉलेजात कधीच आली नव्हती. प्रवेशाच्या दिवशीसुद्धा ती फाटकाबाहेर उसाच्या गुऱ्हाळापाशी थांबली होती, आत काय बोलायचं म्हणून. रिक्षात मी तिला दोनदा विनवलं. रिझवाना मधे बसली होती, पिशवी मांडीवर, दोघींकडे आळीपाळीनं बघत. फाटकावर वॉचमननं विचारलं, "कुनाकडं, मावशी?" आई म्हणाली, "पॅकिंगची बाई आलीय म्हनून सांगा." तो गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. मी पुढं झाले आणि वाट दाखवली. जिन्यावर तिच्या चपलांचा आवाज होत होता. कारखान्याचा निळा कोट तिच्या अंगावर तसाच होता.

सर उठून उभे राहिले. "या, या. वैशालीच्या आई ना?"

खुर्ची दिली तरी आई बसली नाही.

"मागल्या सालचा कॅमेरा मी बांधला हुता," ती म्हणाली. "पोरीचा हात घसरला न्हाय, सर. मी गरम टॉवेल घातला. त्यात ओल हुती, हाताला कळली न्हाय. चूक माजी हाय. पर त्येच्यापायी ह्या पोरींचं कपाट बंद करू नगा."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सर, खोटं मी बोलले. मला टॉवेल दमट आहे ते तिथंच कळलं होतं." त्यांचा चेहरा मला वाचता आला नाही. राग असता तर बरं झालं असतं. त्यांनी नजर काढून घेतली, रिझवानाच्या हातातली पिशवी घेतली, खिडकीशी नेऊन उजेडात वर-खाली करून पाहिली. बराच वेळ. आतून कोरडी होती. पलीकडे मैदानावर कुणीतरी शिट्टी वाजवत होतं आणि मला वाटत होतं, आता ते कपाटाची किल्ली काढतील.

त्यांनी पिशवी रिझवानाला परत दिली. "काका वाट बघत असतील. ऊन चढायच्या आत नीघ."

ती पळाली. तिचे पाय जिन्यावर वाजले.

मग सर आईकडे वळले. "पण ताई, टॉवेल कोरडा झाला हे तुम्ही ओळखता कसं? हाताला तर कळत नाही म्हणता."

"हात फसवतो," आई म्हणाली. "गार झाला की गालाला लावायचा. गालाला थंड लागला तर आत ओल हाय. काहीच लागलं न्हाय, म्हंजे झाला."

सरांनी टेबलावरची कोरी वही माझ्याकडे सरकवली. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "लिहून घे."

मी पेन काढलं. पहिलं अक्षरच वाकडं आलं. आई जवळ आली, वाकून वहीकडे बघायला लागली. सुताचा वास आला. मग सरांशी बोलली होती त्याच आवाजात, पण सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "आधी लिही, गरम माल पसरून ठिवायचा. लिहिलंस? हळू सांगते. लिही."